भोंग्याआधी

साळवे सर दारूगोळा कारखान्यात टर्नर होते,
तीस वर्षं लेथवर.
फळा त्यांना आवडत नसे.
मॅचच्या आदल्या रात्री, खडकी बाजारातल्या
खुर्च्या उलट्या टाकायला लागलेल्या हॉटेलात,
त्यांनी पिशवीतून अकरा नट काढले, अकरा बोल्ट,
आणि सांडलेल्या चहात बोट बुडवून
मधली रेघ ओढली.

"हा त्यांचा सात नंबर," सगळ्यात लांब बोल्ट पुढे सरकला,
"आणि हा तू.
तू काही करायचं नाहीस."

मी एकोणीस वर्षांचा. लेफ्ट बॅक.
काही न करणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

"बोल्ट फिरतो. नट जागेवर राहतो.
त्याला फिरू दे, फिरत फिरत तोच आत जाऊन बसेल.
पायात पाय घालायचा नाही, लोळायचं नाही,
हातभर अंतर ठेवून समोर राहायचं नुसतं.
आणि पाचचा भोंगा होईपर्यंत
मधली रेघ ओलांडलीस
तर तसाच चालत घरी जा."

शनिवार. एप्रिलमधलं साडेतीनचं ऊन.
मुळेकाठचं मैदान, गवत एकाच कोपऱ्यात,
तेही टँकर गळतो म्हणून.
बरोबरी झाली तर दोघंही बुडणार,
वर जाणार तिसरेच,
जे भिंतीवर बसून शेंगा सोलत होते.

नेल्सन मुदलियार आला.
खांदा डावीकडे टाकला, गेला उजवीकडे.
मी खांद्याशी बोललोच नाही, चेंडूशी बोललो.
तो रेघेपर्यंत गेला, परत फिरला.
पुन्हा आला.
पुन्हा.

"अरे घे की अंगावर! पाहुणा आहे का तुझा?"
भिंतीवरून ओरडणारा तो माणूस
माझे वडील होते.

आमचे लोक चेंडू मागे देत होते,
मागचे आणखी मागे, सुलेमान शिकलगारच्या हातात,
आणि शिकलगार तो असा धरून बसायचा
जणू रेशनच्या रांगेत नंबर लावलाय.
शिट्ट्या वाजल्या. कुणी चप्पल दाखवली.
सर ओल्या पंचाने डोकं पुसत राहिले.

बावन्नाव्या मिनिटाला मुदलियारने
पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.
"खेळ ना रे," म्हणाला,
जवळजवळ विनवून.

मग तो आपल्याच माणसांवर ओरडायला लागला.
चेंडू पायात मागायला लागला, मधे शिरायला लागला,
आणि एकदा मागे धावायचं सोडून
बांधलेलीच लेस पुन्हा बांधत बसला.
त्याच्या पाठीमागचा राइट बॅक कधीचा वर गेलेला.
गळक्या टँकरच्या गवतापर्यंत
अख्खी आळी मोकळी.

भोंगा झाला नव्हता.

मी गेलो.
त्या धावण्यातलं मला फारसं आठवत नाही,
फक्त रेघेवरचा चुना बुटाला लागला एवढं,
आणि शिकलगारने इतका वेळ धरून ठेवलेला चेंडू
माझ्या पुढ्यात पडला, पिकून पडावा तसा.
मी तो आत टाकला. गणपत लोंढेच्या गुडघ्याला लागला.
गुडघ्यालाच. त्याने मारला नव्हता.
गोल.
आणि मग भोंगा.

उरलेली दहा मिनिटं मी पुन्हा काहीच केलं नाही.
आधीच्या ऐंशीपेक्षा ती लांब होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी,
त्यातही 'लोंढे'चं 'लोखंडे' झालेलं.
हॉटेलात वडिलांनी सगळ्यांना मिसळ दिली,
आपण काय ओरडलो ते कुणाला सांगितलं नाही.
सर नट मोजून पिशवीत भरत होते.

"भोंगा व्हायचा होता."
"सर, जागा दिसली."
"जागा दहाव्या मिनिटालाही दिसली असेल."

खरं होतं. दिसली होती.
दहाव्याला, तेविसाव्याला, एकेचाळिसाव्याला,
प्रत्येक वेळी पोटरी आतून ओढ घेत होती.

"दिसली होती, सर."

त्यांनी मान हलवली, कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही,
आणि पुन्हा मोजायला लागले.
दहाच भरत होते.
अकरावा माझ्या मुठीत होता, घामाने ओला.
त्यांनी विचारलं नाही.
मी दिला नाही.